पाकिटावरचं ‘प्रीबायोटिक’: आधी वाचायचं कसं, मग घ्यायचं कसं

इन्युलिनची, म्हणजे बहुधा चिकोरीच्या मुळापासून काढलेल्या फायबरची, पावडर पहिल्यांदा घरी आणली तेव्हा मी दोन मोठे चमचे भरून ती पाण्यात ढवळली आणि पिऊन टाकली. चव बरी होती, किंचित गोडसर. चारेक तासांनी एका शांत बैठकीत माझं पोट बोलायला लागलं, ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. शेजारी बसलेल्याने दोनदा वळून पाहिलं. यात पावडरीची काही चूक नव्हती. डब्याच्या मागे मात्रा स्पष्ट छापलेली होती. मी फक्त पुढची मोठी अक्षरं वाचली होती.

तेव्हापासून एक सवय लागली: पाकीट हातात आलं की आधी उलटं करायचं. या लेखात तेच उलटं करणं पायरीपायरीने सांगतो. प्रीबायोटिक म्हणजे नेमकं काय, ते पाकिटात खरंच आहे का, किती आहे, त्याबद्दल काय बोलायची कायद्याने मुभा आहे, आणि हे सगळं पटलं तर पोटाला त्रास न देता ते घ्यायचं कसं, एवढं यात येईल.

पहिली पायरी: शब्दाचा अर्थ पक्का करा

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू, आणि प्रीबायोटिक म्हणजे आपल्या आतड्यात आधीच राहणाऱ्या जिवाणूंचं खाणं. नावं इतकी सारखी आहेत की जाहिरात लिहिणारेही गोंधळतात.

हा शब्द १९९५ साली ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड या दोन संशोधकांनी रूढ केला. त्यांची व्याख्या अरुंद होती: न पचणारा असा अन्नघटक, जो मोठ्या आतड्यातल्या मोजक्याच जिवाणूंची वाढ किंवा क्रियाशीलता वाढवतो आणि त्यातून माणसाचं भलं होतं. पुढे व्याख्येवर बरीच ओढाताण झाली. २०१७ मध्ये प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक यांवर काम करणाऱ्या ‘आयसॅप’ या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघटनेने जी व्याख्या प्रसिद्ध केली, ती आज बहुतेक जण धरतात. तिचा आशय असा: शरीरातल्या सूक्ष्मजीवांकडून निवडकपणे वापरला जाणारा आणि त्यातून आरोग्याला फायदा देणारा पदार्थ.

या एका वाक्यात तीन अटी आहेत. सूक्ष्मजीवांनी तो वापरला पाहिजे, निवडकपणे वापरला पाहिजे, आणि त्यातून माणसाला फायदा झाला पाहिजे. बाजारातले बहुतेक दावे दुसऱ्या अटीपाशी थांबतात. ‘चांगले जिवाणू वाढतात’ एवढं सांगून मोकळे होतात. तिसरी अट सिद्ध करणं सगळ्यात महाग आणि सगळ्यात अवघड, म्हणूनच तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

फायबर आणि प्रीबायोटिक हे दोन शब्दही एक नव्हेत. इसबगोल हे उत्तम फायबर आहे. ते पाणी धरून ठेवतं, मळ मऊ करतं, पण आतड्यातले जिवाणू ते फारसं आंबवत नाहीत. म्हणून इसबगोलाने पोट साफ होत असलं तरी त्याला प्रीबायोटिक म्हणणं ओढूनताणून होतं. सेल्युलोजचं तसंच. एखाद्या पाकिटावर ‘फायबरयुक्त, म्हणजेच प्रीबायोटिक’ अशा अर्थाचं काही दिसलं, तर लिहिणाऱ्याला फरक माहीत नाही किंवा तो तुम्हाला कळू नये अशी त्याची इच्छा आहे.

दुसरी पायरी: पोटात काय घडतं ते एकदा समजून घ्या

हे कळलं की मात्रा, गॅस आणि दावे या तिन्ही गोष्टी आपोआप उलगडतात.

इन्युलिन घ्या. फ्रुक्टोजच्या कड्यांची ही साखळी असते, दोन कड्यांपासून साठेक कड्यांपर्यंत. कड्या ज्या प्रकारच्या बंधाने जोडलेल्या असतात तो तोडणारं विकर आपल्याकडे नाही. त्यामुळे जठर आणि लहान आतडं ओलांडून इन्युलिन जवळजवळ जसंच्या तसं मोठ्या आतड्यात पोचतं. तिथे बिफिडोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंकडे नेमकी ती कात्री असते. ते साखळी तोडतात, आंबवतात, आणि त्यातून अ‍ॅसिटेट आणि लॅक्टेट ही आम्लं तयार होतात. ती दुसऱ्या गटातले जिवाणू उचलतात आणि त्यांचं ब्युटिरेट नावाचं आणखी एक आम्ल करतात. एकाच्या ताटातलं उरलेलं दुसऱ्याचं जेवण, असा हा मामला.

मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच ब्युटिरेट. आंबवण्याने आतल्या वातावरणाची आम्लता वाढते, त्यामुळे कॅल्शियम जास्त विरघळलेलं राहतं आणि शोषलं जायला वाव मिळतो. जिवाणूंची संख्या वाढल्याने मळाचं वजन वाढतं. आणि या सगळ्याबरोबर हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांमध्ये मिथेन तयार होतो. गॅस हा प्रीबायोटिकचा दुष्परिणाम नव्हे, तो काम चालू असल्याचा धूर आहे. फक्त धूर किती सहन होतो ते माणसागणिक वेगळं.

साखळी जितकी आखूड तितकं आंबणं झपाट्याने होतं. आखूड साखळीच्या ऑलिगोफ्रुक्टोजने पोट लवकर फुगतं आणि लांब साखळीचं इन्युलिन सावकाश, आतड्यात आणखी पुढे जाऊन आंबतं, ते यामुळेच.

तिसरी पायरी: घटकांच्या यादीत नाव शोधा

आता पाकीट उलटं करा. ‘प्रीबायोटिक’ हे वर्गाचं नाव आहे, पदार्थाचं नाही. यादीत पदार्थाचं नाव सापडलं पाहिजे. ज्यांच्यामागे भरपूर अभ्यास आहे असे गट मोजकेच: इन्युलिन, ऑलिगोफ्रुक्टोज किंवा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड (यादीत ‘एफओएस’; ऑलिगोसॅकराइड म्हणजे साखरेच्या कड्यांची आखूड साखळी), गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड (‘जीओएस’), लॅक्टुलोज, आणि बाळांच्या दुधात घालतात ती मानवी दुधातल्या ऑलिगोसॅकराइडची कारखान्यात केलेली रूपं. चिकोरी रूट फायबर असं लिहिलेलं असेल तर ते इन्युलिनच. काही ठिकाणी इन्युलिन अगेव्ह या वनस्पतीपासून काढलेलं असतं.

मानवी दुधातल्या या ऑलिगोसॅकराइडबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण मला ही गोष्ट फार आवडते. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर घनपदार्थांमध्ये यांचाच नंबर लागतो, आणि बाळाला ती पचत नाहीत. म्हणजे आईचं शरीर ऊर्जा खर्च करून असा पदार्थ बनवतं जो बाळासाठी नाही, बाळाच्या पोटातल्या जिवाणूंसाठी आहे. प्रीबायोटिकची कल्पना कारखान्यात जन्मली नाही हे यावरून कळतं.

परत पाकिटाकडे. यादीत पॉलीडेक्स्ट्रोज, रेझिस्टंट डेक्स्ट्रिन, रेझिस्टंट स्टार्च अशी नावंही भेटतील. ती फायबर म्हणून मान्य असतात, प्रीबायोटिक म्हणून त्यांचा पुरावा कमी-अधिक आहे. आणि नुसतं ‘प्रीबायोटिक मिश्रण’ एवढंच लिहिलं असेल, आत काय आहे ते नाही, तर पाकीट मांडणीवर परत ठेवा. पुढच्या पायऱ्या करायचं कारण उरत नाही.

चौथी पायरी: ग्रॅम मोजा

सगळ्या लेखातली ही एकच पायरी लक्षात ठेवलीत तरी चालेल.

समजा, ३५ ग्रॅमचा एक बार आहे. पुढे ठळक अक्षरांत ‘प्रीबायोटिक फायबरसह’. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅममध्ये १७ ग्रॅम फायबर, म्हणजे एका बारमध्ये साधारण ६ ग्रॅम. वाटतं, अरे वा! पण घटकांची यादी वाचा: ओट्स, खजूर, बदाम, मध, तेल, मीठ, इन्युलिन. सहा ग्रॅम फायबर प्रामुख्याने ओट्स, खजूर आणि बदामाचं आहे. इन्युलिन मिठाच्या मागे बसलंय.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे हा नियम बहुतेक देशांत आहे. २ टक्क्यांहून कमी असलेल्या घटकांना शेवटी कसंही लिहायची सवलत अमेरिका आणि युरोपीय संघ दोन्हीकडे आहे. अशा बारमध्ये मीठ २ टक्क्यांच्या आतच असतं. म्हणजे त्याच्यामागे आलेलं इन्युलिनही २ टक्क्यांच्या आत, ३५ ग्रॅमच्या बारमध्ये फार तर ०.७ ग्रॅम. मीठ ही अशी फुकट मिळालेली मोजपट्टी आहे. कुठलाही ‘खास’ घटक मिठाच्या पुढे आहे की मागे, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं.

आता हा ०.७ ग्रॅम कशाशी ताडून पाहायचा? युरोपीय संघाने चिकोरीच्या इन्युलिनसाठी जो दावा मंजूर केलाय, त्याची अट दिवसाला १२ ग्रॅमची आहे. लॅक्टुलोजने अन्न आतड्यातून पुढे सरकायला वेग येतो या मंजूर दाव्याची अट १० ग्रॅम, तेही एका वेळी. किशोरवयीन मुलांवरच्या एका गाजलेल्या, वर्षभर चाललेल्या अभ्यासात (२००५) कॅल्शियमचं शोषण आणि हाडांतली खनिजं वाढलेली दिसली ती रोज ८ ग्रॅम इन्युलिन-प्रकारच्या फायबरवर. आमच्या बारमधून १२ ग्रॅम गाठायचे तर दिवसाला सतरा-अठरा बार खावे लागतील. मधाचा हिशेब वेगळा.

प्रीबायोटिक शीतपेयांचंही असंच. अनेकांत डब्याला दोन-तीन ग्रॅमच इन्युलिन असतं. वर एक रासायनिक अडचण: आम्लधर्मी द्रवात इन्युलिन आणि एफओएस हळूहळू तुटून साधी फ्रुक्टोज साखर होते, उष्णतेत आणखी लवकर. आंबट पेय महिनोन्महिने उबदार जागी पडून असेल तर छापलेले ग्रॅम तसेच उरलेत असं धरून चालता येत नाही.

पाचवी पायरी: दावा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

आरोग्याचे दावे एका शिडीवर मांडता येतात, आणि कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियस या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेची विभागणीही ढोबळमानाने तशीच आहे. सगळ्यात खाली पोषणाचा दावा, ‘फायबरयुक्त’ यासारखा. युरोपात १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅम फायबर असलं की ‘फायबरचा स्रोत’ म्हणता येतं आणि ६ ग्रॅम असलं की ‘भरपूर फायबर’. यात तब्येतीबद्दल चकार शब्द नसतो. त्यावर शरीराच्या कार्याचा दावा, जसा ‘शौचाच्या नियमिततेस हातभार’. त्याच्याही वर आजाराची जोखीम कमी करण्याचा दावा, आणि शिडीच्या बाहेर ‘हा आजार बरा करतो’ असं म्हणणं, जे अन्नाला जवळपास कुठेच करता येत नाही. ते औषधांचं क्षेत्र.

युरोपीय संघाचा कायदा (१९२४/२००६) या सगळ्यांत कडक मानला जातो. सदस्य देशांकडून सुमारे ४४,००० दावे आले, ते एकत्र करून ४,६३७ उरले, आणि युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या छाननीनंतर २०१२ च्या पहिल्या यादीत मंजूर झाले फक्त २२२. प्रीबायोटिकवाल्यांची मोठी फळी इथेच अडकली. त्यांचा युक्तिवाद होता की आमच्या पदार्थाने बिफिडोबॅक्टेरिया वाढतात. प्राधिकरणाचं उत्तर थोडक्यात असं: वाढले असतील, पण जिवाणू वाढणं हा स्वतःच फायदा नव्हे, त्यामुळे माणसात काय बदललं ते दाखवा. उद्योगाला हे जाचक वाटलं, संशोधकांपैकीही काहींना वाटलं. मला ते रास्त वाटतं. बागेत गांडुळं वाढली म्हणून भाजी जास्त आली असं कुणी न मोजता लिहून देणार नाही.

अखेर २०१५ मध्ये चिकोरीच्या इन्युलिनला मंजुरी मिळाली, आणि ती मिळाली ती शौचाची वारंवारता मोजून. मंजूर वाक्याचा अर्थ एवढाच: चिकोरीचं इन्युलिन शौचाची वारंवारता वाढवून आतड्यांच्या सामान्य कार्याला हातभार लावतं. त्यात ‘प्रीबायोटिक’ नाही, ‘प्रतिकारशक्ती’ नाही, ‘मन प्रसन्न’ नाही. शिवाय युरोपीय आयोगाच्या २००७ च्या मार्गदर्शनानुसार ‘प्रीबायोटिक असलेले’ हे शब्दच आरोग्यदावा ठरतात, कारण त्यांतून फायदा सुचवला जातो.

अमेरिकेत चित्र निराळं. तिथे ‘प्रीबायोटिक’ची कायदेशीर व्याख्याच नाही. शरीराच्या रचनेबद्दल किंवा कार्याबद्दल दावा करायला सरकारची आगाऊ परवानगी लागत नाही, मात्र तो खरा आणि दिशाभूल न करणारा असण्याची जबाबदारी उत्पादकाची. पूरक आहाराच्या गोळ्या-पावडरींवर १९९४ च्या कायद्यानुसार एक चौकट छापावी लागते: या विधानाची अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केलेली नाही, आणि हे उत्पादन कोणत्याही आजाराचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध यासाठी नाही. गंमत म्हणजे नेहमीच्या खाद्यपदार्थावर हीच चौकट सक्तीची नाही. तेव्हा चौकट दिसली नाही याचा अर्थ दावा तपासलेला आहे असा घेऊ नका.

फायबर कशाला म्हणायचं याबाबत मात्र अमेरिकेने कडक भूमिका घेतली. २०१६ च्या नियमानुसार, वेगळं काढून किंवा तयार करून पदार्थात घातलेल्या कर्बोदकाला शरीरावरचा फायदेशीर परिणाम दाखवल्याशिवाय तक्त्यात फायबर म्हणून मोजता येत नाही. इन्युलिन आणि जीओएस यांना ही मोकळीक २०१८ मध्ये मिळाली. रेझिस्टंट स्टार्च आणि टाइप २ मधुमेह यांबद्दल २०१६ मध्ये सशर्त दाव्याची मुभा मिळाली, पण पुरावा मर्यादित आहे असं त्याच वाक्यात लिहिण्याच्या अटीवर. जपानने तर १९९१ पासूनच विशिष्ट आरोग्य-उपयोगाच्या अन्नांची वेगळी मान्यता सुरू केली आणि ऑलिगोसॅकराइडची उत्पादनं त्यात लवकर आली.

या सगळ्याचा तुमच्यासाठी व्यवहार असा: तेच पाकीट एका देशात गप्प असतं आणि दुसऱ्या देशात बडबडतं. आतली पावडर बदललेली नसते. म्हणून परदेशी संकेतस्थळावरचा दावा वाचताना तो कुठल्या नियमांखाली लिहिलाय ते आधी बघा.

सहावी पायरी: शब्दांची चाळणी

‘पोटस्नेही’, ‘आतड्यांची काळजी’, ‘आतून निरोगी’ या शब्दांना मोजता येईल असा अर्थ नाही. युरोपात असं मोघम वाक्य लिहायचं तर सोबत एखादा मंजूर, नेमका दावा जोडावा लागतो. एखाद्या डॉक्टरचं नाव घेऊन केलेली शिफारस, अमुक दिवसांत अमुक किलो वजन घटेल, हे घेतलं नाही तर तब्येत बिघडेल, या तिन्ही तऱ्हा त्याच कायद्यात निषिद्ध आहेत. नियम तुमच्याकडे लागू असो वा नसो, चाळणी म्हणून हे तीन निकष कुठेही वापरता येतात.

‘संशोधनाने सिद्ध’ असं असेल तर चार गोष्टी विचारा. अभ्यास याच पदार्थावर होता का? याच मात्रेत? माणसांवर की उंदरांवर? आणि मोजलं काय, जिवाणू की माणसाला जाणवणारा बदल? बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नावर गाडी अडते.

सातवी पायरी: घ्यायचं ठरलं तर

आधी ताट बघा. लसूण, कांदा, लीक (कांद्याच्या कुळातली भाजी), गहू, अॅस्परॅगस, जेरुसलेम आर्टिचोक (एक कंद) यांत इन्युलिन-प्रकारचं फायबर असतंच. प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक फायबर असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते गाठत नसाल तर पावडर हा पहिला उपाय नाही.

पावडर घ्यायचीच तर माझी चूक करू नका. सपाट भरलेल्या एका छोट्या चमच्यात इन्युलिन अडीच-तीन ग्रॅम बसतं. पण पावडरी कमी-अधिक हलक्या असतात, त्यामुळे एकदा वजनकाट्यावर खात्री करून घ्या. तेवढ्यानेच सुरुवात करा, जेवणाबरोबर. आठवडाभर पोट शांत राहिलं तर आणखी अडीच-तीन ग्रॅम वाढवा, आणि ते दिवसाच्या दुसऱ्या वेळेला घ्या. १२ ग्रॅमपर्यंत जायला महिना लागला तरी बिघडत नाही. पोट दुखलं किंवा फुगलं तर मागच्या मात्रेवर या. गरम दुधात, कणकेत चालतं, लिंबाच्या सरबतात मिसळून ठेवू नका. पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त प्या.

काही जणांनी हा प्रयोग आपल्या मनाने करू नये. इरिटेबल बॉवेलचा (वारंवार पोटदुखी, गॅस, जुलाब किंवा बद्धकोष्ठ) त्रास असणाऱ्यांना इन्युलिन, एफओएस आणि जीओएस हेच अनेकदा बाधतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने रूढ केलेल्या लो-फॉडमॅप आहारात (पोटात चटकन आंबणारी कर्बोदकं कमी करणारा आहार) जे टाळायला सांगतात त्यात हे आहेत. आनुवंशिक फ्रुक्टोज असहिष्णुता असेल तर फ्रुक्टोजच्या साखळ्यांपासून लांबच राहायचं. जीओएस दुधातल्या लॅक्टोजपासून करतात, तेव्हा दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी विचारून घ्यावं. लॅक्टुलोज अनेक ठिकाणी औषध म्हणून विकलं जातं आणि यकृताच्या गंभीर आजारातही डॉक्टर ते देतात, त्याची मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. बाळांच्या दुधात घरी काही मिसळायचं नाही. आणि शौचात रक्त, कारण नसताना उतरणारं वजन किंवा सवयीत अचानक झालेला बदल यांपैकी काही असेल तर चमचा बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या.

राहिली नोंद. मंजूर दावा शौचाच्या वारंवारतेचा आहे, तेव्हा मोजायचं तेच. सुरू करण्याआधी दोन आठवडे, मग पूर्ण मात्रेवर चार आठवडे, कॅलेंडरवर रोज फक्त एक रेघ आणि त्रास झाला तर शेजारी फुली. माझ्या कॅलेंडरवर आठवड्याच्या चार रेघांच्या सहा झाल्या आणि फुल्या तिसऱ्या आठवड्यानंतर थांबल्या. माझ्या बहिणीच्या कॅलेंडरवर रेघा तेवढ्याच राहिल्या, फुल्या मात्र वाढल्या. तिने डबा मला देऊन टाकला. थांबवल्यावर जिवाणूंमधला बदल काही आठवड्यांत मावळतो, त्यामुळे सोडलं तर काही कायमचं बिघडेल ही भीतीही नाही.